निम्म्या वाफ्यांचा मळा : सामुदायिक भाजीपाला सेवेविषयी एका हंगामानंतरचा अभिप्राय

गेली सहा वर्षे मी एका लहान सामुदायिक भाजीमळ्याची सभासद आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाट्याचे पैसे भरायचे आणि पुढे दर आठवड्याला मळ्यात जे पिकेल त्यातला आपला वाटा घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. मागील हंगामाच्या अखेरीस मळा चालवणाऱ्या दांपत्याने सर्व सभासदांना कळवले की, घरातील वृद्ध आईच्या शुश्रूषेची संपूर्ण जबाबदारी आता त्यांच्यावर आली असून यापुढे ४० पैकी २० वाफेच चालवले जातील आणि सभासदही निम्मेच ठेवले जातील. त्या आटोपशीर केलेल्या मळ्याचा पहिला हंगाम आता संपला आहे. ज्यांच्या मळ्याचा व्याप असाच कमी होत आहे, किंवा ज्यांना स्वतःलाच तो कमी करावा लागणार आहे, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम दाद द्यायला हवी ती निर्णयाच्या वेळेला. बियाणे घेण्यापूर्वी, रोपवाटिका टाकण्यापूर्वी आणि मुख्य म्हणजे नव्या हंगामाचे पैसे गोळा करण्यापूर्वी त्यांनी हे सांगितले. आगाऊ पैसे स्वीकारले की मळा सभासदांचे देणे लागतो, आणि हंगामाच्या मध्यावर व्याप कमी करायचा म्हटले तर ते देणे अर्धवट फेडल्यासारखे होते. येथे तसे झाले नाही. ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांना दुसरी सोय पाहायला पुरेसा अवधी मिळाला, आणि जे राहिले ते काय मिळणार व काय मिळणार नाही हे जाणून राहिले.

दुसरी गोष्ट पिकांच्या निवडीची, आणि माझ्या मते या मळ्याचे खरे शहाणपण तिच्यात आहे. निम्मे वाफे म्हणजे प्रत्येक पीक निम्मे, असा सोपा हिशेब त्यांनी केला नाही. कोणते पीक किती जागा खाते यापेक्षा ते किती वेळा माणसाला मळ्यात बोलावते, हे त्यांनी पाहिले. भेंडीचे फूल उमलल्यापासून पाचसहा दिवसांत शेंग तोडावी लागते, म्हणून भर हंगामात दर एक दिवसाआड तोडा असतो. दोन तोडे चुकले की शेंग जून होते आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की नवी फुलेही कमी येतात. घेवडा आणि काकडीचेही असेच आहे. ज्या घरातून एखाद्या दिवशी अचानक दवाखान्यात धावावे लागते, त्या घराला हे वेळापत्रक झेपणारे नाही. म्हणून ही तिन्ही पिके आणि एकेक फळ खुडावे लागणारे बारके टोमॅटो त्यांनी पूर्ण बंद केले. त्याऐवजी एकदाच काढणी होऊन महिनोन्महिने टिकणारे कांदा, लसूण, रताळी आणि लाल भोपळा, तसेच थंडीत काही दिवस जमिनीतच राहिले तरी न बिघडणारे गाजर आणि बीट यांना त्यांनी जागा वाढवून दिली. पालेभाज्यांचे दोन वाफे मात्र राखले, कारण त्यांची कापणी आठवड्यातून एका ठरलेल्या सकाळी उरकता येते.

याचा परिणाम टोपलीत स्पष्ट दिसला. विविधता कमी झाली, हे मान्य करावेच लागेल. पूर्वी आठवड्याला नऊदहा प्रकार असत, ते आता पाचसहावर आले आहेत. परंतु जे येते ते पूर्वीपेक्षा निगुतीने आलेले असते. कांदे नीट सुकवलेले, मान घट्ट मिटलेली. भोपळ्याला बोटभर देठ राखलेला, जेणेकरून तिथून कूज शिरणार नाही. पालक उन्हापूर्वी कापून लगेच सावलीत घेतलेला, म्हणून दोन दिवसांनीही पान ताठ. मागील दोन हंगामांत, म्हणजे त्यांची ओढाताण सुरू झाल्यापासून, मुळे भेंडाळलेले आणि वांगी बियांनी भरलेली येऊ लागली होती. तेव्हा आम्ही कोणी बोललो नाही, पण मळा मोठा आणि हात अपुरे झाल्याची ती खूण होती, हे आता लक्षात येते.

उरलेल्या २० वाफ्यांचे काय केले, हे मी मुद्दाम जाऊन पाहिले, कारण सोडून दिलेली जमीन कधी रिकामी राहत नाही. तणाचे बी एकदा पडले की पुढची कित्येक वर्षे खुरपे हातातून सुटत नाही. तिथे हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग छातीपर्यंत वाढून पिवळ्या फुलांवर येत होता. मळा सांभाळणाऱ्या ताईंनी एक झाड उपटून मुळांवरच्या बारीक गाठी दाखवल्या आणि त्यांतली एक नखाने फोडली. आतून ती गुलाबी निघाली. गुलाबी गाठ म्हणजे हवेतला नत्र बांधण्याचे काम चालू आहे, असे त्यांनी सांगितले. पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा येताच, खोड कोवळे असतानाच ताग जमिनीत गाडायचा, म्हणजे तो लवकर कुजतो. पुढील हंगामात हे वाफे लागवडीखाली येतील आणि आताचे वाफे विश्रांती घेतील. टोमॅटो, वांगी आणि मिरची ही एकाच कुळातली पिके त्याच जागी पुन्हा पुन्हा घेऊ नयेत, हा फेरपालटीचा नियम पूर्वी जागेअभावी मोडत असे. तो आता पाळता येतो. न वापरलेल्या ठिबकच्या नळ्याही उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून गुंडाळून उंच टांगलेल्या होत्या. मळा लहान केला आहे, सोडून दिलेला नाही, हे मला त्या टांगलेल्या नळ्यांवरून पटले.

आता तक्रारी. वाट्याची रक्कम टोपलीच्या मानाने कमी झालेली नाही. यामागचे कारण मला समजते: कुंपण, पंप आणि जमिनीचे भाडे हे खर्च वाफे निम्मे केल्याने निम्मे होत नाहीत आणि आता ते थोड्या सभासदांत विभागले जातात. परंतु हा हिशेब सभासदांपुढे लेखी मांडायला हवा होता; विचारल्यावर तो समजणे पुरेसे नाही. घरपोच टोपली बंद होत असल्याची सूचनाही अवघी आठवडाभर आधी आली, आणि दूर राहणाऱ्या काही वृद्ध सभासदांना केवळ तेवढ्यासाठी वाटा सोडावा लागला, याचे मला वाईट वाटते. आता आम्ही पाच घरे मिळून आळीपाळीने टोपल्या आणतो. ही सोय दोन महिने आधी उभी करता आली असती.

शेतकरी आणि ग्राहक यांच्यातील अशा थेट नात्याला जपानमध्ये 'तेइकेई' म्हणतात. १९७८ मध्ये तिथल्या सेंद्रिय शेती संघटनेने त्याची दहा तत्त्वे मांडली, त्यांत वाटपाची जबाबदारी आपापसांत उचलणे आणि गटाचा आकार झेपेल एवढाच ठेवणे, ही दोन तत्त्वे आहेत. पाऊस, कीड आणि रोग यांचा धोका आम्ही सभासद वर्षानुवर्षे वाटून घेत आलो आहोत. मळा चालवणाऱ्या माणसाच्या घरी आलेले आजारपण त्या वाटणीच्या बाहेर ठेवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

ज्यांना दर आठवड्याला ठरावीक भाज्या हव्या असतात, किंवा ज्यांना टोपली आणायला जाणे शक्य नाही, त्यांनी हा वाटा घेऊ नये. ज्यांच्या घरी कांदा, भोपळा, रताळी हवेशीर जागी साठवण्याची सोय आहे आणि पिकेल ते रांधण्याची तयारी आहे, त्यांना हा मळा पूर्वीपेक्षा अधिक भरवशाचा वाटेल. पुढील हंगामाचे पैसे मी भरले आहेत. टोपल्या आणण्याची पहिली पाळीही माझ्याकडेच आहे.