कोकणच्या दमट हवेत स्प्रिंगची एअर रायफल: पावसाळ्यासकट नऊ महिन्यांचा अनुभव

रायफल .१७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची. देशी बनावट, लाकडी दस्ता, नळी सांध्यात वाकवून एका वेळी एकच छर्रा भरायचा. गुहागरच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्यात, जून ते फेब्रुवारी वापर झाला. काम एकच: १० मीटरवर कागदी टार्गेट. बागेतली वानरं हाकलायला ही घेणार असाल तर घेऊ नका. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि एवढासा छर्रा जनावराला नुसता जायबंदी करून सोडतो.

पहिले तीन-चारशे छर्रे उडेपर्यंत मत बनवू नये. नव्या नळीत कारखान्याचं घट्ट तेल असतं. ते काढायला मासेमारीचं तंगूस उत्तम. दुहेरी करून नळीतून ओवायचं, फासात सुती चिंधी अडकवायची आणि मागून तोंडाकडे ओढायची. चिंधी पांढरी निघेपर्यंत आठ-दहा वेळा. लोखंडी गज तोंडाकडून घालू नये, तिथली धार दुखावली की नेम गेला. ती धार तपासायला कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर तिथे कंगोरा आहे.

सगळ्यात जास्त फरक पडला तो स्क्रूंनी. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन बाजूंना दोन आणि चापाच्या कड्यापाशी एक-दोन असतात. स्प्रिंगच्या हादऱ्याने ते सुटतात. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा सगळं घट्ट वाटतं. नोव्हेंबरपासून तेच लाकूड आकसतं आणि स्क्रू ढिले पडतात. लक्षण असं की सुपारीएवढा येणारा पाच छऱ्यांचा ग्रुप अचानक वर-खाली पसरतो किंवा त्याचे दोन ग्रुप होतात. बहुतेक जण इथे दुर्बिणीचे क्लिक (नेम सरकवायच्या बटणाचे टप्पे) फिरवत बसतात आणि गोंधळ वाढवतात. आधी स्क्रू बघा. काढून थिनरने तेल पुसा, निळं लॉकटाइट (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) एक थेंब लावा, बेताने आवळा, चोवीस तास हात लावू नका. लाल लॉकटाइट नको, पुढे स्क्रू सहजी निघत नाही. वॉशर लाकडात रुतेपर्यंत पिळू नये. त्यानंतरही दर शंभर छऱ्यांनी तपासणं आलंच.

दुसरी गोष्ट धरण्याची. पिस्टन, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून छर्रा उडवणारा आतला दट्ट्या, पुढे सुटताना रायफल मागे येते, पिस्टन थांबताना पुढे झेपावते, आणि हे सगळं छर्रा नळीतच असताना घडतं. म्हणून घट्ट आवळून धरलं, किंवा पुढचा दस्ता थेट विटेवर, पोत्यावर टेकवला, की छर्रे भलतीकडे जातात. पोत्यावर आपला उघडा तळहात, त्यावर रायफल नुसती ठेवायची. बोटांनी पकडायची नाही. प्रत्येक वेळी तळहात त्याच जागी हवा.

छऱ्यांत कंजुषी नको. स्वस्त सपाट तोंडाच्या डबीत दबलेले काठ बरेच निघतात. ते वेगळे काढावेत. गोल डोक्याचे, ८.४४ ग्रेन वजनाचे जेएसबी एक्झॅक्ट या रायफलीला मानवले, तुमच्या नळीला दुसरे मानवतील. तीन-चार प्रकारचे थोडे थोडे आणून प्रत्येकाचे पाच ग्रुप मारून बघा. शिसं आहे, नंतर हात साबणाने धुवा.

तेलाबद्दल ठामपणे: सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नये. दाबाने ते पेटतं, मोठा आवाज येतो, धूर निघतो, वेग दर छऱ्याला बदलतो आणि पिस्टनचं सील जळतं. खोबरेल थंडीत थिजतं, ते वेगळंच. बाहेरून मात्र रोज पातळ तेलाची चिंधी फिरवावी, बोटांच्या घामाचे ठसे रात्रभरात गंजतात. रेक्झिनच्या कव्हरात पावसाळाभर ठेवली तर आत ओल धरते. कपाटात उघडी, शेजारी सिलिका जेलची पुडी, हे बरं.

वेग कमी वाटला तर नळीच्या सांध्यावर टिश्यूचा तुकडा धरून बार काढा. कागद फडफडला तर ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) गेली. जुनी रिंग सोबत नेऊन मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मापाची मिळते.

साध्या माशीवर (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेवर) १० मीटरला काम भागतं. दुर्बीण लावायचीच तर स्प्रिंग रायफलचा दुहेरी धक्का सोसणारी आणि १० मीटरवर फोकस होणारी घ्या. पाव मिनिटाचा (हा कोनाचा मिनिट, एका अंशाचा साठावा भाग) एक क्लिक या अंतरावर छर्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकवतो, म्हणजे एका सेंटिमीटरला चौदाएक क्लिक. टार्गेटमागे चिऱ्याचा गडगा चालत नाही, छर्रा उलटून येतो. जाड फळी आणि तिच्यापुढे चिंध्यांनी गच्च भरलेला खोका ठेवा, चष्मा लावा.

चाप जड आहे, ही तक्रार नऊ महिन्यांनीही कायम. तरी आतला खटका घासून हलका करण्याच्या भानगडीत पडू नका. घासलेला खटका नळी उघडी असतानाच सुटू शकतो, नळी झटक्यात वर येते आणि छर्रा बसवणारी बोटं सांध्यात चिरडतात. खटका धड असला तरी छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरूनच ठेवावी.