बाग साधी ठेवावी की भरगच्च?

घरालगतची मोकळी जमीन दिसली की पावलं आधी रोपवाटिकेकडे वळतात. आणायची झाडं तिथे ठरवू नका. किती झाडं हा प्रश्न नंतरचा. किती प्रकारची, हे आधी ठरवा. साधी बाग आणि भरगच्च बाग यांतला खरा फरक तिथेच पडतो.

तीस रोपं दोन्हीकडे धरू. भरगच्च बागेत तीस प्रकार: एकाला रोज पाणी, शेजारच्याची पाण्याने मुळं कुजतात, एकाची छाटणी फुलं येऊन गेल्यावर, दुसऱ्याची त्याआधी. साध्या बागेत तीच तीस रोपं पाच-सहा प्रकारांची, एकेका प्रकाराचा पुंजका करून लावलेली. सारखी तहान असलेली झाडं एकत्र असली की नळी कुठे किती वेळ धरायची ते ठरलेलं असतं. नजरेलाही टेकायला जागा मिळते.

पण फार साधेपणही नको. सगळं कुंपण एकाच जातीचं लावलं आणि त्या जातीवर रोग आला, तर कुंपणच जातं. शिवाय सगळा बहर एकदम येऊन ओसरला की बाकीचे महिने नुसती पानं. इथे भरगच्च बाग सरस ठरते: काही ना काही फुललेलं असतं, फुलपाखरं आणि मधमाश्या सतत येत राहतात. म्हणून सगळी बाग एकाच प्रकारच्या झाडांची करा, असं मी म्हणत नाही. वेगवेगळ्या काळात फुलणारे पाच ते सात प्रकार छोट्या बागेला पुरतात.

दुसरा फरक कडांचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ६ मीटर लांब, २ मीटर रुंद असा एक वाफा घ्या: क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, कड १६ मीटर. तेवढ्याच जमिनीचे १ मीटरचे बारा चौकोनी वाफे केले की कड होते ४८ मीटर. माती तेवढीच, झाडं तेवढीच, पण गवत आत घुसतं ते कडेनेच, त्यामुळे कडेची निगा तिप्पट. वळणदार वाफा आणि भिंत यांच्या मध्ये हिरवळीचा चिंचोळा त्रिकोण राहिला, की तिथे गवत कापायचं यंत्र वळत नाही. गुडघे टेकून कात्रीने कापावं लागतं, दर खेपेला. असा कोपरा कागदावर सुंदर दिसतो. तो आखूच नका.

साधं दिसणं आणि सोपं असणं यांतही गल्लत होते. जपानमधल्या क्योटो शहरातल्या र्‍योआन-जी मंदिरातल्या बागेत पांढरी खडी आणि १५ दगड आहेत, दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळं. याहून साधं काय असणार? पण त्या खडीवरच्या रेघा पुन्हा पुन्हा दाताळ्याने ओढाव्या लागतात. हिरवळीचंही तसंच. नुसता हिरवा पट्टा म्हणून ती साधी वाटते, पण पाणी आणि कापणी सर्वांत जास्त तीच मागते. मुलं खेळणार असतील तर जरूर लावा. नाहीतर जमिनीलगत पसरणारी रोपं बरी.

साधी बाग निवडलीत तर पहिलं वर्ष कठीण जाईल. दीड मीटर पसरणारी झुडपं दीड-दीड मीटरवर लावली की मधली जमीन उघडी दिसते आणि हात शिवशिवतात, अजून दोन रोपं आणू म्हणून. तिथेच साधी बाग भरगच्च होऊ लागते, आणि तिसऱ्या वर्षी त्यातली निम्मी झुडपं उपटायची वेळ येते. मध्ये हंगामी फुलं लावा, किंवा वाळलेल्या पाचोळ्याचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर द्या. त्याने तण कमी उगवतं, ओल टिकते. फक्त खोडाला तो भिडू देऊ नका, साल कुजते.

रोज तासभर खुरपं हातात घेण्यात ज्यांना खरा आनंद आहे, त्यांनी भरगच्च बागच करावी. ते काम हाच त्यांचा विसावा असतो. आठवड्यातून एकदाच सवड मिळणार असेल, तर साधी. बाग कोणतीही असो, पायवाट सव्वा मीटर रुंद ठेवा, दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतात.

तरीही ठरत नसेल, तर पाण्याची लांब नळी जमिनीवर टाकून वाफ्याची कड आखा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. सकाळी खिडकीतून पाहा, संध्याकाळी तिच्या कडेने चालून पाहा. जिथे पाय अडखळेल, तिथलं वळण काढून टाका.