लुईस की फिशर? संधिवाताचे दोन उंदीर

आमच्या बेळगाव-खानापूरकडे संधिवात म्हटलं की ‘घराण्यातच आहे’ म्हणून विषय मिटतो. इथल्या फार्मसीच्या पोरांनी हे दोन उंदीर शेजारी ठेवून बघावेत.

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या लुईस जातीला मारलेल्या क्षयजंतूंचं तेलातलं इंजेक्शन दिलं की दोनेक आठवड्यांत घोटे टम्म सुजतात. फिशर ३४४ जातीचा उंदीर मात्र त्याच इंजेक्शननंतरही बहुधा धडधाकट हिंडतो. रोगप्रतिकाराची एमएचसी जनुकं दोघांची जवळपास सारखीच, बरं का. फरक दुसरीकडे: दाह आवरणारं कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक लुईसमध्ये ताणाच्या वेळी कमी स्रवतं, फिशरमध्ये भरपूर.

पण फिशरला जंतुमुक्त वातावरणात वाढवून तेच इंजेक्शन द्या, त्याचेही सांधे सुजतात! म्हणजे नेहमीच्या पिंजऱ्यातले जंतूही त्याला सांभाळत होते.

औषध तपासायला लुईस सोयीचा. रोग का होतो हे शिकायचं, तर मी फिशरच सुचवेन.