डोळ्यातल्या रिंगचे चौदा महिने आणि न मिळालेलं स्टिकर

मागच्या मंगळवारी डाव्या डोळ्याच्या बुबुळात बसवलेल्या दोन रिंगांपैकी खालची काढली. चौदा महिने होती. काढायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डोळा बधिर करायचे थेंब टाकले, जुन्या छेदातून बारीक आकडा आत घातला, आणि फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखं पारदर्शक प्लास्टिक बाहेर आलं. वर एक टाका. पण त्याआधी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "रिंग कुठल्या कंपनीची, जाडी किती, किती अंशांची? स्टिकर कुठंय?" माझ्या फाईलमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या आणि पावत्या होत्या. स्टिकर नव्हतं.

मला केराटोकोनस आहे, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं आणि नजर धूसर होते. डाव्या डोळ्याला चष्मा लावूनही 6/36 दिसायचं (चांगली नजर म्हणजे 6/6), हार्ड लेन्स तासाभरात टोचायची. मी सेलूला शिवणकाम करते, सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. पुण्याच्या एका दवाखान्यात लेझरने बुबुळात टनेल, म्हणजे बारीक बोगदा, करून दोन रिंगा बसवल्या, त्याच बैठकीत सी३आर, म्हणजे थेंब आणि अतिनील प्रकाशाने बुबुळ घट्ट करायचा उपचार. रिंगने बुबुळाचा आकार सुधारतो, आजार वाढायचा थांबतो तो सी३आरने, एवढं मला माहीत होतं. खर्च 78 हजार. साध्या ब्लाऊजची शिलाई मी 260 रुपये घेते, म्हणजे तीनशे ब्लाऊज.

पहिले आठ महिने मी ज्याला-त्याला "करून घ्या" म्हणून सांगितलं. तिसऱ्या महिन्यात चष्म्याने 6/12 आलं, सिलिंड्रिकल नंबर सहावरून अडीचवर उतरला. त्या दिवशी मी काळ्या कापडावर काळा दोरा घालून तुरपाई केली आणि रडले. रात्री मात्र समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या दिव्याभोवती मोठं कडं दिसायचं. अंधारात बाहुली मोठी होते आणि रिंगची आतली कड तिच्या वाटेत येते, म्हणून. त्याची सवय झाली. रिंगच्या कडेला पांढरे ठिपके दिसायला लागले तेव्हा घाबरले होते, पण तपासणीत ते निरुपद्रवी निघाले.

मग ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशीचे दिवस आले. मळणीयंत्राचं भुसकट गावभर उडतं, आमच्या अंगणातही. डोळा खाजायला लागला. सासूबाई ओरडायच्या, "कामून चोळायलीस डोळा?" मी जागेपणी हात आवरायचे, पण झोपेत डाव्या कुशीवर डोळा उशीत दाबून पडायचे. मग डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपायला लागलं, पाणी गळायला लागलं. गावात ॲलर्जीचे थेंब मिळाले, त्यात बारा दिवस गेले. हे बारा दिवस मला फार लागतात. रिंग असलेला डोळा लाल झाला तर स्लिटलॅम्पखाली (डॉक्टरांचं डोळा मोठा करून बघायचं यंत्र) बघितल्याशिवाय कुणाचेही थेंब घालू नका. रिंगपाशी जंतुसंसर्ग ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो, आणि त्यावर चुकून स्टिरॉइडचे थेंब पडले तर बुबुळच धोक्यात येतं.

मराठवाडा एक्स्प्रेसने संभाजीनगर गाठलं. माझ्या डोळ्यात संसर्ग नव्हता. खालच्या रिंगचं टोक छेदाच्या दिशेने सरकलं होतं, त्याच्या वरचं बुबुळ पातळ झालं होतं आणि कडेकडून एक बारीक रक्तवाहिनी छेदाकडे निघाली होती. मला ते शिवणाच्या भाषेत चटकन कळलं. टनेल म्हणजे नेफा आणि रिंग म्हणजे त्यातलं इलॅस्टिक. नेफा कडेला फार जवळ घेतला किंवा कापड विरलं, की इलॅस्टिकचं टोक बाहेर डोकावतं. बुबुळाच्या जाडीच्या साधारण 70 ते 80 टक्के खोलीवर टनेल करतात आणि रिंगचं टोक छेदापासून लांब ठेवतात, ते यासाठीच.

तोवर माझा सगळा राग लेझरवर होता. एवढे पैसे मशीनचे घेतले आणि हे असं? डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. लेझर काही सेकंदांत ठरवलेल्या खोलीवर फक्त टनेल कापतो, रिंग आत सरकवतो तो माणसाचा हात. पूर्वी टनेलसुद्धा हातानेच करायचे, त्यात खोली कमी-जास्त व्हायचा धोका जास्त. आणि माझं चोळणं त्यात धरायलाच पाहिजे. सगळा दोष एका जागी टाकता येईना, म्हणून लेझरवरचा राग मी सोडला.

स्टिकरवरचा सोडलेला नाही. सासऱ्यांनी मोतीबिंदू काढला तेव्हा डिस्चार्ज कार्डावर भिंगाचं स्टिकर चिकटवून दिलं होतं, आजही घरात आहे. रिंगच्या डबीतही स्टिकर असतं. कंपनी, जाडी, किती अंशांचा कंस, लॉट नंबर. माझ्या डोळ्यात चौदा महिने काय होतं हे मलाच सांगता येऊ नये? काढताना त्याने अडलं नाही. पण पुढे वेगळ्या जाडीची रिंग घालायची की नुसती लेन्स द्यायची, हे ठरवायला आधीची जाडी आणि टनेलची खोली लागते. टनेल किती मायक्रॉनवर केलं हेही कागदावर कुठं नाही. पुण्याला नऊ वेळा फोन केले. एकदा "सिस्टीम बंद आहे", एकदा "पेशंटने स्वतः यावं", एकदा रेकॉर्डचे तीनशे रुपये मागितले. सेलूहून पुण्याला जाणं-येणं म्हणजे दोन दिवसांचं काम बुडणं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत रुग्णाने मागितलेल्या नोंदी 72 तासांत द्याव्यात असं स्पष्ट आहे, नोंदी तीन वर्षं जपून ठेवाव्यात असंही आहे. हे मला आधी माहीत असतं तर ऑपरेशनच्या दिवशी फाईल हातात घेतल्याशिवाय उठले नसते.

रिंग काढता येते, ही तिची खरी चांगली बाजू. काढल्यावर बुबुळ बरंचसं आधीच्या आकाराकडे जातं, तसं माझंही दिसणं खाली आलंय, सध्या 6/24. टाका निघाला की स्क्लेरल लेन्स लावून बघणार आहेत. ती बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते, त्यामुळे टोचणार नाही अशी आशा आहे. ज्या दोन मैत्रिणींना मी रिंगसाठी गळ घातली होती, त्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. एकीचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, ते रद्द कर असं मी म्हटलं नाही. स्टिकर आणि टनेलची खोली डिस्चार्ज कार्डावर लिहून घे, एवढंच तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

वरची रिंग अजून डोळ्यात आहे. तिच्या स्टिकरसाठीचा अर्ज शनिवारी स्पीड पोस्टाने पाठवलाय, पोचपावती यायची आहे.