कूलंट गळतं पण दिसत नाही, प्रेशर टेस्टर किट वापरल्याचा अनुभव

तीन महिने गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत होतं. दर पंधरा-वीस दिवसांनी टाकीतली पातळी मिनच्या खाली, आणि गाडीखाली बघावं तर एक थेंब नाही. मेकॅनिकने आधी टाकीचं झाकण बदललं, मग एक होज पाइप बदलला, आणि तरी कमी होतंय म्हटल्यावर म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) असेल, इंजिन खोलावं लागेल. तिथे मी थांबलो आणि हातपंपाने दाब भरून गळती तपासायचं प्रेशर टेस्टर किट मागवलं, त्यासोबत यूव्ही डाय (कूलंटमध्ये टाकायचा, यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) आणि यूव्ही टॉर्च येतो.

वापरायला अवघड काही नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीचं झाकण काढायचं (गरम असताना अजिबात नाही, उकळतं कूलंट तोंडावर येतं), त्या जागी अडॅप्टर बसवायचा आणि झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही. माझ्या झाकणावर १.१ बार होतं, म्हणजे साधारण १६ पीएसआय. चालत्या गाडीत बारीक गळती गरम इंजिनवरच वाळून जाते म्हणून खाली काही पडत नाही, आणि या टेस्टमध्ये इंजिन गार असतं त्यामुळे जे बाहेर येतं ते ओलं राहतं. एवढ्यासाठीच हे किट घ्यावं असं मला वाटतं.

पण पहिल्या दिवशी याच किटने मला फसवलं. काटा पाच मिनिटांत १६ वरून ११ वर आला, मला वाटलं सापडलीच गळती, अर्धा तास टॉर्च घेऊन सगळे होज, क्लॅम्प, रेडिएटरचे कोपरे बघितले, कुठेच ओल नाही. शेवटी अडॅप्टरभोवती साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे तिथूनच येत होते, आतली ओ-रिंग कोरडी पडून चपटी झालेली. नवी रिंग टाकली, मग काटा अर्ध्या तासात जेमतेम १ पीएसआय उतरला. ही खरी गळती, आणि इतकी बारीक की नुसतं बघून सापडणारी नव्हती. नुसत्या पंपाने गळती आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळेलच असं नाही.

म्हणून डाय टाकला, चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवली आणि रात्री दिवे घालवून बॉनेट उघडलं. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) प्लास्टिक हाउसिंगच्या जोडावर हिरवट पिवळी रेघ चमकत होती, ती ब्लॉकच्या मागच्या बाजूने खाली उतरलेली. खरं सांगू, त्या जागेवर पांढरट खपली मी दिवसा दोनदा बघितली होती आणि धूळ समजून सोडून दिली होती, ते वाळलेलं कूलंट होतं! वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी (पंपाचं सील गेलं तर तिथून गळतं) काही चमकलं नाही, आतलं कार्पेट कोरडं होतं, काचेवर चिकट वाफही येत नव्हती म्हणून हीटर कोअरही (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) नाही. हेड गॅस्केटसाठी मात्र वेगळी टेस्ट लागते, टाकीतल्या हवेत जळालेला गॅस आला की निळं लिक्विड पिवळं होतं, ते या किटमध्ये नाही, आणि बाहेर कुठेच ओल नसताना प्रेशर उतरत असेल तर ती करावीच लागते.

बाकी किटचा गेज चांगला आहे, पंप मजबूत. नळी आखूड आहे, अडॅप्टर ढीगभर पण मला एकच बसला, टॉर्च फारच मंद, मी दुसरा वापरला. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसा, चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी.

हाउसिंग आणि सील बदलून दोन महिने झाले, पातळी जिथल्या तिथे, हेड उघडावं लागलं नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या ओ-रिंगमुळे कमी केला.