पॉइंटर कमी आहे म्हणून पैसे भरू नका : माझे १,९८,९०० रुपये कसे गेले

मी मूळची बार्शीची. अण्णा मार्केट यार्डात एका आडत दुकानात तीस वर्षं दिवाणजी आहेत. किर्द, खतावणी, येणे-देणे हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. पुण्यात मेकॅनिकलला प्रवेश घेतला, पण तिसऱ्या वर्षापर्यंत माझं मला कळलं होतं की यंत्रांपेक्षा कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात माझा जीव रमतो. मला फायनान्समध्येच जायचं होतं, अ‍ॅनालिस्ट व्हायचं होतं. अडचण एकच होती. दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणित) आणि थर्मो या विषयांमुळे वायडी लागला होता, म्हणजे एक वर्ष वाया गेलं होतं, आणि शेवटी पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड, आला ६.१४.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हा आकडा काय करतो ते सांगायला नको. कॅम्पसला कंपनी आली की आधी तिचा क्रिटेरिया येतो : दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के, गॅप नको, बॅक (राहिलेला विषय) नको. अ‍ॅनालिस्टच्या जागा घेऊन आलेल्या कंपनीने साडेसात पॉइंटर मागितला होता. कॉलेजची प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांनी माझं नाव पाठवलंच नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी मात्र त्या वर्षभरात लोकांना टाळायला लागले. नातेवाइकांना सांगायचे की एमपीएससी करतेय. नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहायचे, दिवसभर अभ्यासिकेत बसायचे, आणि पॉइंटरबद्दल कुणी विचारलं की विषय बदलायचे. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं ते पैशाच्या हावेने झालं असं अनेकांना वाटतं. मला हाव नव्हती, मला लाज वाटत होती. ज्यांनी फसवलं त्यांना ती लाज फोनवरच ऐकू आली असणार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फोन आला. जॉब पोर्टलवर माझा सीव्ही होता. पलीकडून स्वच्छ मराठीत एक मुलगी बोलत होती : "मॅडम, इन्व्हेस्टमेंट बँकिंग अ‍ॅनालिस्टसाठी तुमचा प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालाय." मीच घाईने सांगितलं की माझा पॉइंटर कमी आहे. ती म्हणाली, "त्याचं टेन्शन नका घेऊ, आमचं टाय-अप आहे."

ऑफिस बाणेरला होतं. काचेची पार्टिशन्स, भिंतीवर ऑफर लेटर हातात धरलेल्या मुलामुलींचे फोटो. बाहेर माझ्यासारखे सात-आठजण मांडीवर फाइल घेऊन बसलेले. आत गेल्यावर तिथल्या डायरेक्टरने सगळ्यात आधी पॉइंटर विचारला. मी सांगितला. तो थोडा वेळ मार्कशीट बघत राहिला आणि म्हणाला, "कॉलेजने तुम्हाला ओळखलं नाही, मॅडम." दोन वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मग 'व्हेंडर कोटा' समजावून सांगितला. मोठ्या कंपन्या काही जागा एजन्सीमार्फत भरतात, तिथे क्रिटेरिया लागत नाही, फक्त ट्रेनिंग आमच्याकडे घ्यावं लागतं, वगैरे.

असा कुठलाही कोटा नसतो. भरती करणाऱ्या खऱ्या एजन्सीला पैसे कंपनी देते, साधारण उमेदवाराचा एक महिन्याचा पगार, म्हणजे वर्षाच्या सीटीसीच्या (एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के. उमेदवाराने तिला काही द्यायचं नसतं. मोठ्या कंपनीत ओळखीच्या माणसाने रेफरल दिला तरी त्याने फार तर सीव्ही एचआरच्या नजरेखाली जातो, पुढची परीक्षा आणि मुलाखत कुणालाच चुकत नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. विचारायचं तर पॉइंटर सांगावा लागला असता.

पैसे तीन टप्प्यांत गेले. आधी रजिस्ट्रेशन, ५,९०० रुपये : पाच हजार अधिक १८ टक्के जीएसटी. पावती मिळाली, म्हणून विश्वास बसला. मग ट्रेनिंग, १,१८,०००. "आत्ता काही भरू नका, नोकरी लागल्यावर हप्ते सुरू होतील," असं सांगून त्यांनी माझा आधार, पॅन आणि एक सेल्फी घेतली. माझ्याच मोबाईलवर ओटीपी आले, ते मीच वाचून दाखवले. तिथल्या तिथे माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज झालं, १८ हप्ते, दर महिना ६,५५६. रक्कम थेट त्यांच्या खात्यात गेली, माझ्या हातात एक रुपयाही आला नाही. पहिला हप्ता जानेवारीतच कापला गेला. विचारलं तर म्हणाले, सिस्टीम एरर आहे, रिफंड येईल.

कर्ज घेताना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद मिळायलाच हवा, त्यात व्याज, हप्ते, सगळे खर्च एकत्र लिहिलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफची मुदतही असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. माझ्या ईमेलमध्ये तो कागद आला होता. मी उघडला नव्हता. ज्यांनी नुकतंच असं कर्ज घेतलंय त्यांनी हे वाचणं इथेच थांबवून आधी आपली ईमेल तपासा.

ट्रेनिंग दोन महिने ऑनलाइन चाललं. एक्सेल, रेशो, डीसीएफ (कंपनीची किंमत काढायची एक पद्धत). मी पहाटे पाचला उठून करायचे. त्यानंतर टेस्ट झाली, मग मुलाखत. समोरच्या दोघांचे कॅमेरे बंद होते, कंपनीची पॉलिसी आहे म्हणाले. त्यांनी वर्किंग कॅपिटलवर (खेळत्या भांडवलावर) प्रश्न विचारले आणि मला सगळे आले. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. मुलाखत खोटी होती, पण माझी उत्तरं बरोबर होती. त्याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऑफर लेटर आलं. जगभर नाव असलेल्या एका कंपनीचं, वांद्रे-कुर्ला संकुलातला पत्ता, सीटीसी ११,५०,०००. अण्णांनी यार्डात पेढे वाटले. रात्री फोन करून म्हणाले, "पत्र वाचून दाखव गं, पगार कसा लिहिलाय ते." मी वाचलं : बेसिक ३८ हजार, घरभाडे १९, स्पेशल अलाउन्स ३१. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बेरीज लागत नाही. महिन्याचे ८८, वर्षाचे १०,५६,०००. वरचे ९४ हजार कुठायत? आणि पीएफ कुठं दिसत नाही?" मी म्हणाले, "अण्णा, त्यात बोनस धरलेला असतो. तुम्हाला कॉर्पोरेटचं नाही कळायचं." ते गप्प झाले. तीस वर्षं दुसऱ्याच्या वह्या जुळवणाऱ्या माणसाने चूक एका मिनिटात पकडली होती आणि मी त्यांना गप्प केलं.

तिसरा टप्पा म्हणजे ७५,००० रुपये 'सिक्युरिटी डिपॉझिट', पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार. त्यासाठी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून पैसे आले आणि ३ मार्च २०२५ ला मी ते यूपीआयने पाठवले. खातं कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाच्या नावाचं होतं. अकाउंट्सवाले आहेत, असं उत्तर मिळालं. त्याच आठवड्यात त्यांनी मला १४ महिन्यांच्या अनुभवाचं पत्र पाठवलं, अशा कंपनीचं जिथे मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "वायडीचा गॅप भरायला लागतं, सगळेच करतात." मी ते पत्र ठेवून घेतलं. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. नंतर पोलिसांनी मला स्पष्ट सांगितलं की ते पत्र कुठे वापरलं असतं तर आरोपी मी झाले असते. कंपन्या पडताळणीत यूएएनवर, म्हणजे आपल्या पीएफच्या कायम नंबरावर, पीएफचा इतिहास बघतात. १४ महिने नोकरी केलेल्याचा एकही महिन्याचा पीएफ नाही, हे लपत नाही.

जॉइनिंगची तारीख आधी १७ मार्च होती, मग १ एप्रिल, मग २१ एप्रिल. २० तारखेला रात्री पुन्हा मेसेज आला की पुढे ढकललंय. मी उत्तर दिलं नाही. सकाळी ७.१५ च्या डेक्कन क्वीनने निघाले, दादरला उतरून लोकलने वांद्र्याला, तिथून रिक्षाने बीकेसी. गेटवर पत्र दाखवलं. सिक्युरिटीच्या काकांनी ते दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली. खाली एचआरमधल्या एक बाई आल्या. त्यांनी मोबाईलवर कंपनीचा खरा ईमेल पत्ता काढून माझ्या पत्रातल्या पत्त्याशेजारी धरला. माझ्या पत्रात कंपनीच्या नावानंतर एक आडवी रेघ आणि पुढे 'करिअर्स' होतं. तेवढाच फरक. "हे डोमेन आमचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही कुणाकडून कधीच डिपॉझिट घेत नाही." मला त्यांनी चहा दिला. मी तो पिऊ शकले नाही.

तिथल्याच फूटपाथवरून १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय नंबर आहे, आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवरही तक्रार करता येते. पैसे गेल्यावर काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. मी ४९ दिवसांनी कळवत होते. पैसे तीन खात्यांतून फिरून गेले होते, शेवटच्या खात्यात ६,२०० रुपये गोठवले गेले आणि ते कोर्टाच्या आदेशाने मिळायचे आहेत. बाणेरच्या ऑफिसला आठवड्यातच कुलूप लागलं. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि आयटी कायद्याच्या ६६-डी खाली नोंदला गेला.

स्टेशनातल्या अधिकाऱ्यांनी माझी ५,९०० ची पावती उलटसुलट बघितली आणि जीएसटी नंबरवर बोट ठेवलं. पंधरा अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, ते बरोबर होते. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा : कंपनीचा असेल तर 'सी', व्यक्तीचा असेल तर 'पी'. पावतीवर वर प्रायव्हेट लिमिटेड छापलेलं आणि नंबरात सहाव्या जागी 'पी'. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं तर अशी कंपनीच नव्हती. दोन मिनिटांचं काम होतं, आणि मी दोन महिने ताळेबंद वाचायला शिकत होते.

कर्जाचं अजून संपलेलं नाही. फायनान्स कंपनी म्हणते, कोर्सचा आणि आमचा संबंध नाही. मी आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं, ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. तिला फी नाही, वकील लागत नाही. निकाल येईपर्यंत हप्ते भरतेय, कारण सिबिल बिघडलं तर फायनान्समधल्याच नोकऱ्या अडतील.

आता कमी पॉइंटरवाल्यांसाठी जे मला उशिरा कळलं ते. कॅम्पसचा क्रिटेरिया खरा असतो, तो कुणी फोनवर उघडून देत नाही. पण सगळीकडे तोच नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेला खुल्या प्रवर्गात पदवीला ६० टक्के लागतात, स्टेट बँकेच्या पीओ या अधिकारी पदाला मात्र फक्त पदवी पुरते. एमबीएच्या कॅटला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, फायनान्समधल्या सीएफए परीक्षेच्या पहिल्या लेव्हलला टक्केवारीची अट नाही. आणि खराडी, मगरपट्ट्यात फंड अकाउंटिंग, रिकन्सिलिएशनची, म्हणजे फंडांचे हिशेब ठेवायची आणि जुळवायची, कामं आहेत. झगमगीत नाहीत, शिफ्ट असते, पगार कमी असतो. मी एनआयएसएम या शेअर बाजाराच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची सिरीज सात, सिक्युरिटीज ऑपरेशन्सची परीक्षा दिली आणि गावच्या एका दादाच्या रेफरलने अशाच एका ठिकाणी मुलाखतीला गेले. वायडी का लागला, असं तिथे थेट विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग त्यांनी दोन जुळत नसलेली स्टेटमेंट्स पुढे ठेवली आणि फरक शोधायला सांगितला. नोकरी मिळाली, महिना २४ हजार. अजून मी अ‍ॅनालिस्ट नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा अण्णांची घरखर्चाची वही उघडली. मार्चच्या पानावर त्यांनी ७५,००० लिहिले होते, 'येणे' या बाजूला. मी म्हणाले, अण्णा, हे बुडीत खात्यात टाका आता. त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि वही माझ्यासमोर सरकवली. "तक्रारीचा नंबर काय आहे तुझा?" ते म्हणाले. "त्या रकमेशेजारी लिही. अक्षर स्वच्छ काढ."