मटणाचा काळा मसाला: वर्षाचा डंकावर कुटावा की थोडा थोडा घरी मिक्सरवर?

मसाला कसा करायचा हे ठरवायच्या आधी दोन गोष्टी मोजा. घरात खाणारी तोंडं किती, आणि मटण महिन्यातून किती वेळा शिजतं? माझ्या मापानं एक किलो मटणाला पोहे खायच्या चमच्यानं तीन शिगोशीग चमचे काळा मसाला लागतो, म्हणजे साधारण तीस ग्रॅम. दर रविवारी किलोभर मटण असेल तर वर्षाला दीड किलो मसाला नुसता मटणातच जातो. वांगी, डाळ, बाजार आमटी वेगळी. दोघांचंच घर असेल आणि महिन्यातून दोनदा अर्धा किलो आणत असाल, तर वर्षाचे चारशे ग्रॅमही होत नाहीत. या दोन घरांनी एकाच पद्धतीनं मसाला करावा, असं मला वाटत नाही.

मोठ्या घराला डंकच बरा, म्हणजे मसाला कुटून देणारी गिरणी. सोलापुरात मार्च-एप्रिलचं ऊन मिरचीला जे करतं ते कुठल्याही यंत्रानं होत नाही. दोन दिवस गच्चीवर पसरली की देठ हाताला लागताच मोडतो आणि बी आत खुळखुळतं. मंगळवार पेठेत, मधला मारुतीच्या भागात फिरलं की खडा मसाला वजनावर मिळतो. दगडफूल, नाकेश्वर (नागकेशर), रामपत्री वास घेऊन, हातावर चोळून घेता येतं. डंकावर घाव वरून पडतात, त्यामुळे मसाला कुटला जातो. मिक्सरचं पातं मात्र कापत जातं आणि भांडं तापतं. कुटलेल्या मसाल्यात मिरचीच्या सालाची बारीक चकती राहते आणि तेल सुटून पूड ओलसर, जड लागते. रश्श्यावर कट चढतो तो अशा मसाल्याचा फार देखणा. हळकुंडही डंकावर मुकाट फुटतं. मिक्सरमध्ये अख्खं हळकुंड टाकलं तर पातं अडकतं, ते आधी खलबत्त्यात फोडून घ्यावं लागतं.

डंकाचा तोटा म्हणजे तिथं बसून राहावं लागतं. एका वर्षी मी मसाला ठेवून बाजारात गेले. उखळात आधीच्या गिऱ्हाइकाचं तिखट राहिलं होतं, ते आमच्या मसाल्यात उतरलं. वर्षभर प्रत्येक रस्सा पहिल्या घासाला घसा धरायचा, आणि तीन किलो मसाला टाकून देणं जिवावर आलं. तेव्हापासून मी पहिली पसाभर मिरची वेगळी कुटून घेते, ती बाजूला काढते आणि मग आपला मसाला घालू देते. हे सांगायला लाजू नका.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. काळ्या मसाल्यात खोबरं, तीळ, खसखस असते आणि या तिन्हींना तेल असतं. पावसाळी दमट हवा लागली की ते खवट होऊ लागतं. गणपतीपर्यंत बरणी उघडली की वास बदललेला कळतो. भाजीत तो खपून जातो, मटणात नाही. आळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, इतकं साधं असतं, हळद, मीठ, आलं-लसूण आणि चरबीचा गोडवा, की खवट खोबरं त्यात लगेच वर येतं.

म्हणून लहान घराला माझा सल्ला असा. मसाला घरी मिक्सरवर करा, वर्षातून दोनदा, आणि खोबरं-तीळ-खसखस त्यात घालूच नका. ते मटणाच्या दिवशी ताजं भाजा. माझं प्रमाण: ब्याडगी मिरची 150 ग्रॅम रंगाला, लवंगी 100 ग्रॅम तिखटाला, धने 150, जिरे 25, शहाजिरे 10, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडा आणि दगडफूल प्रत्येकी 10, तमालपत्र, चक्रीफूल, नाकेश्वर, जायपत्री प्रत्येकी 5 ग्रॅम, एक हळकुंड आणि हरभऱ्याएवढा खडा हिंग. अर्धा किलोच्या आसपास मसाला होतो.

भाजताना घाई केली तर सगळं गेलं. प्रत्येक जिन्नस वेगळा, थेंबभर तेलावर, मंद आचेवर. धने रंग बदलून तडतडेपर्यंत, लवंग फुगेपर्यंत, मिरची कडक होईपर्यंत. दगडफुलाकडे पाठ फिरवू नका. आधी निवडून त्यातली साल-काडी आणि माती काढा, मग गॅस बंद करून कढईच्या उरलेल्या उष्णतेवर परता. कच्चं असताना त्याला जुन्या लाकडाचा वास येतो, परतल्यावर तोच वास धुरकट, मटणाची आठवण करून देणारा होतो. पाच सेकंद जास्त झाले की मात्र अख्खा मसाला कडू होतो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा, तेही थांबत थांबत, म्हणजे भांडं तापून वास उडत नाही.

या मसाल्याचा रंग डंकावरच्या मसाल्याइतका काळा येणार नाही, हे आधीच सांगते. तो काळेपणा मटणाच्या दिवशी येतो. खोबऱ्याची वाटी आणि अख्खा कांदा गॅसच्या जाळावर धरायचा. खोबऱ्याच्या कडेला ठिणगी पेटते, ती फुंकून विझवायची आणि पुन्हा धरायचं. कांद्याचं वरचं साल जळून आतला गर मऊ झाला की दोन्ही तीळ-खसखशीबरोबर वाटायचं. तेलात आधी हे वाटण, त्याला तेल सुटलं की आच कमी करून मसाला, आणि लगेच गरम आळणी पाणी. मसाला नुसत्या तेलावर जास्त वेळ राहिला तर करपतो. रस्सा दाट हवा असेल तर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, चमचाभर पाण्यात कालवून शेवटी लावा. कडक भाकरी कुस्करून खायची असेल तर मात्र मी येसर घालत नाही, पातळ रस्साच भाकरीत नीट मुरतो.

तयार पाकिटाबद्दल थोडक्यात. अडीनडीला चालतं, आणि नवीन संसारात पहिले दोन-तीन महिने आपल्याला किती तिखट लागतं हे कळायला उपयोगी पडतं. पण त्यात मिरची कुठली, दगडफूल किती, हे आपल्या हातात नसतं, आणि मटणाला हीच दोन मापं महत्त्वाची.

मध्यम घरांसाठी, म्हणजे चार माणसं आणि महिन्यातून दोन-तीनदा मटण, मी शेजारणीबरोबर भागीत डंक गाठते. दोघींची मिळून एक किलो मिरची, बाकी सगळं त्याच हिशेबानं, खोबरं वगळून. निम्मा निम्मा वाटून घेतला की दिवाळीच्या आत संपतो. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, आतून कोरडी ठणठणीत, तळाला आणि वर हिंगाचा एकेक खडा.

यंदा करायचाच असेल तर मिरची या आठवड्यात आणा. वळवाचा एक शिडकावा झाला तरी ती सादळते, आणि सादळलेली मिरची डंकावर काय किंवा मिक्सरवर काय, नीट कुटली जात नाही.